म्हापशाची ड्रेपरी : कोट झकास, मेडलं मात्र घरून न्या

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचातले साडेतीन. बाकीचे दीड कुठे गेले ते कळायला खाली बरंच वाचावं लागेल, कारण त्यासाठी एका इंग्रज लष्करी साहेबाची अख्खी नोकरी ऐकून घ्यावी लागणार आहे. घाईत असाल तर एवढंच घ्या, ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणारं दुकान, ते गोव्यात म्हापशाला, बाजाराच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून आत गेलं की डावीकडे. पौराणिक आणि शिवकालीन ड्रेस फर्स्ट क्लास, इंग्रजी कपडे बरे, मेडलं अजिबात घेऊ नका. दुकानाचं नाव टाकू का म्हणून विचारलं तर मालक म्हणाला "नाका रे भाई, नाटकवाल्यांक सगळ्यांक खबर आसा", म्हणून नाव नाही.

तर झालं असं. आमचं गाव डिचोली तालुक्यातलं. जत्रेच्या दुसऱ्या रात्री गावच्या पोरांचं मराठी नाटक, हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून. पालखी देवळात गेली की पडदा वर. दरवर्षी ऐतिहासिक नाहीतर संगीत, त्यामुळे ड्रेपरीचं टेन्शन नसतं, जिरेटोप, अंगरखे, ढाल-तलवार सगळीकडे मिळतं. यंदा आमच्या मास्तरांनी (रिटायर झालेत, गावची सगळी नाटकं तेच लिहितात) वेगळंच काढलं. म्हणे गेल्या शिगम्यात घोडेमोडणी बघता बघता सुचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घोडेमोडणी म्हणजे कमरेला लाकडी तोंडाचा घोडा बांधून, डोक्याला फेटा, हातात तलवार घेऊन ढोल-ताशावर नाचायचं, आमच्या डिचोली-सत्तरी भागातली खास गोष्ट. मास्तर पारावर बसून म्हणाले, "मेडल मिळालेला घोडा कुणाला माहीत आहे का?" कुणालाच नव्हता.

घोड्याचं नाव व्होनोलेल. पांढरा अरबी घोडा, १८७७ मध्ये मुंबईत विकत घेतलेला, लुशाई (आजच्या मिझोरामकडच्या) टोळ्यांच्या एका सरदाराचं नाव त्याला दिलेलं. घोड्याचा मालक इंग्रज लष्करी अधिकारी फ्रेडरिक रॉबर्ट्स, पुढे लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार, शिपाई त्याला लाडाने बॉब्स म्हणायचे. या घोड्याला खुद्द व्हिक्टोरिया राणीने अफगाण लढाईचं मेडल दिलं, वर चार पट्ट्या, शिवाय काबूल ते कंदाहार कूच केल्याचा तारा. आणि १८९७ ला राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली त्या मिरवणुकीत बॉब्स याच घोड्यावर बसून लंडनमधून गेला, घोड्याच्या गळ्यात मेडलं. मास्तरांनी नाटक लिहिलं ते घोड्याच्या मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराच्या तोंडून. मोतद्दार काल्पनिक, बाकी सगळं खरं. घोडा आमचा घोडेमोडणीचाच, चुना लावून पांढरा केलेला. राहिला प्रश्न बॉब्सच्या कपड्यांचा, आणि ते खातं माझ्याकडे. प्रॉपर्टी आणि ड्रेपरी बघायची आणि शेवटी सगळ्यांच्या शिव्या खायच्या, गेली अकरा वर्षं हेच चाललंय.

नाटकात बॉब्स तीनदा येतो. १८५८ चा पंचवीस वर्षांचा लेफ्टनंट, १८८० चा जनरल, आणि १८९७ चा फील्ड मार्शल. म्हणजे एकाच नटाला तीन ड्रेस. दुकानात जाऊन हे सांगितलं तर मालकाने वही काढली, लिहिलं, "गोरा सायब, ३ नग". भाडं एका ड्रेसचं एका रात्रीला ३५०, विग आणि मिशा वेगळे १००, मेडलांचा सेट १५०, डिपॉझिट २०००, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत परत. रेट एकदम वाजवी, पणजीला याच्या दुप्पट सांगितले होते आणि वर बघायलाही देत नव्हते. इथे मालक स्वतः माळ्यावर चढून गाठोडी खाली टाकतो, तुम्ही पंख्याखाली बसून हवं ते उलगडून बघा, चहा पण येतो. हा माझ्या मते दुकानाचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. कपडे धुतलेले असतात, डांबरगोळ्यांचा वास येतो पण घामाचा नाही, आणि ज्याने कधी भाड्याचा अंगरखा घातलाय त्याला यातला फरक समजावून सांगायची गरज नाही.

आता तक्रारी. पहिला ड्रेस मिळाला लाल कोट. गोरा म्हटला की लाल कोट, हे आपल्याकडे सिनेमामुळे ठरूनच गेलंय. पण बॉब्स होता बंगाल आर्टिलरीचा, म्हणजे तोफखान्याचा माणूस, आणि त्यांचा कोट गडद निळा, लाल फक्त गळ्याला आणि बाह्यांना. जन्म त्याचा कानपूरचा, ३० सप्टेंबर १८३२, बाप कंपनीच्या फौजेतला मोठा अधिकारी, लहानपणी मेंदूचा ताप येऊन उजवा डोळा गेला तो कायमचा. शिकला विलायतेत आणि १८५१ मध्ये कंपनीच्या तोफखान्यात लागला. एका डोळ्याचा आणि उंचीने जेमतेम पाच फूट चार इंच, आजच्या भरतीत मेडिकललाच बाद झाला असता. आणि आमचा नट सहा फुटी, व्हॉलीबॉलवाला! मास्तर म्हणाले, असू दे, प्रेक्षक कुठे टेप घेऊन येतात. निळा कोट आहे का म्हणून विचारलं तर मालक विचारात पडला, मग आतून बँडवाल्यांचा एक निळा कोट काढून दिला, लग्नाच्या वरातीतला, पाठीवर सोनेरी धाग्यात बँडचा फोन नंबर. पाठ फिरवायची नाही एवढं नटाला बजावून सांगितलं आणि घेतला. रंग मात्र बरोबर होता, त्याचे मार्क दिले पाहिजेत.

खरी गंमत मेडलांची. मेडलं असतात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वीस-पंचवीस, मालक डबा हलवून टेबलावर ओततो आणि म्हणतो घ्या हवी ती आठ. तिन्ही प्रवेशांना तीच आठ! मी म्हटलं अहो पहिल्या प्रवेशात याच्या छातीवर काहीच नको. मालक माझ्याकडे असा बघायला लागला की मी फुकट मागतोय. पण विचार करा ना, प्रवेश आहे २ जानेवारी १८५८ चा, खुदागंज, फर्रुखाबादच्या बाजूला. तोपर्यंत पठ्ठ्याने सत्तावनच्या बंडात दिल्लीचा वेढा पाहिला होता, तिथे १४ जुलैला पाठीच्या कण्याजवळ गोळी लागली पण कमरेची कातड्याची पिशवी सरकून मागे गेली होती म्हणून वाचला. लखनौला एका उंच इमारतीवर निशाण लावायला याला पाठवला, दोनदा गोळ्यांनी खाली पडलं, याने तिसऱ्यांदा लावलं. एवढं सगळं करून छाती रिकामी! कारण त्या लढायांचं मेडलच अजून निघालेलं नव्हतं. मेडल नेहमी मागाहून येतं, आधी लढाई, मग कागदपत्रं, मग टांकसाळ. हे आमच्या ड्रेपरीवाल्याला कोण सांगणार. मी सांगितलं, त्यावर उत्तर काय, "भाई, लोकांक किदें कळटा?"

खुदागंजला काय झालं ते मास्तरांनी मोतद्दाराच्या तोंडी छान घातलंय. पळणाऱ्यांचा पाठलाग चाललेला, बॉब्सला दिसले दोन शिपाई निशाण घेऊन जाताना, याने घोडा घातला, ते फिरले, एकाने अगदी तोंडासमोर बंदूक धरून चाप ओढला आणि बार उडालाच नाही. याने निशाणवाल्याला कापला, निशाण घेतलं. त्याच दिवशी स्वतःच्या बाजूच्या एका स्वारालाही संगिनीखालून वाचवलं होतं. याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, तो राणीच्या हातून मिळाला १८५९ मध्ये, दीड वर्षाने. पण मास्तर हुशार. मोतद्दार पुढे येऊन प्रेक्षकांना विचारतो, "ती बंदूक उडाली असती तर?" बस, एवढंच, आणि जातो. कारण ते निशाण कुणाचं, सत्तावनच्या आपल्या शिपायांचं. मंडपात त्या वाक्याला चिडीचूप शांतता होती, बाहेर खाजेवाल्याच्या दुकानातला जनरेटर तेवढा ऐकू येत होता. आणि अशा वेळी नटाच्या छातीवर आठ मेडलं लटकत असती तर नाटकाचं वाटोळंच झालं असतं. ज्या कामगिरीने पहिलं मोठं मेडल मिळालं ती करताना माणूस रिकाम्या छातीने उभा पाहिजे, नाहीतर प्रवेशात उरतंच काय? म्हणून मी भांडलो, उगाच हौस म्हणून नाही.

दुसरा ड्रेस, १८८० चा, हा मात्र दुकानाने कमाल दिला. खाकी, थोडा उडालेला रंग, वर मेंढीच्या कातड्याचा बिनबाह्यांचा कोट, काबूलकडे पोस्तीन म्हणतात तो. कुठून आणला असेल देव जाणे, गोव्यात मेंढीच्या कातड्याचं काय काम! मालक म्हणाला एका शूटिंगवाल्यांनी टाकून गेलेला. नटाला आत गेल्यावर पाच मिनिटांत आंघोळ झाल्यासारखा घाम, पण स्टेजवर काय दिसला म्हणून सांगू. डोक्यावर सोला टोपी, ती पण बरोबर. फक्त टोपीला कोणीतरी आतून वर्तमानपत्र चिकटवलंय बसायला, ते घामाने सुटून नटाच्या कपाळावर अर्धी हेडलाइन उमटली, ती पुसायला विंगेत धावपळ. किरकोळ गोष्ट.

या प्रवेशावर मास्तरांनी सगळ्यात जास्त वेळ घेतलाय आणि घ्यायलाच हवा. २७ जुलै १८८० ला कंदाहारजवळ मैवंदला अफगाणांच्या अयूब खानाने इंग्रजांची एक ब्रिगेड झोपवली, त्यात मुंबईच्या फौजेच्या पलटणी होत्या, आपल्या भागातली किती पोरं गेली असतील कुणास ठाऊक. उरलेले कंदाहारच्या तटात कोंडलेले. मग काबूलहून बॉब्स निघाला, सुमारे १० हजार सैन्य, त्यात ७ हजारांच्या आसपास हिंदी, आणि वर ८ हजार नोकरचाकर, म्हणजे भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, आमचा मोतद्दार त्यातलाच एक. चाकाची गाडी एकही नाही, तोफा १८ आणि त्याही खेचरांवर लादलेल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला निघून ३१ तारखेला कंदाहारात, २३ दिवसांत ५०० किलोमीटर. आपल्या हिशोबात सांगायचं तर पत्रादेवीहून पोळेपर्यंत, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, तीन-चार वेळा, तेही पाठीवर ओझं घेऊन, दुपारी भाजणारं ऊन आणि पहाटे हाडं गोठवणारी थंडी. आणि ज्याच्या नावाने ही कूच गाजली तो साहेब स्वतः शेवटचे काही दिवस तापाने फणफणलेला, डोलीत पडून! कंदाहार जवळ आल्यावर मात्र घोड्यावर बसला, कारण डोलीतून गेलेला जनरल शोभत नाही. मास्तरांनी हा प्रवेश कसा केलाय बघा, आमच्या देवळाच्या जुन्या मचिलीत (खांद्यावरून न्यायची डोली) साहेब आडवा, चार पोरं खांद्यावर घेऊन गोल गोल चालतायत आणि शेजारून रिकामा व्होनोलेल, त्याचा लगाम मोतद्दाराच्या हातात. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, लढाई झाली आणि अयूब खानाचा धुव्वा उडाला.

बॉब्सची तारीफ चालली असं वाटेल, तर तसं नाही. त्याच्या आदल्या वर्षी काबूलला याच माणसाने ऐंशीच्या वर लोक फासावर चढवले होते, इंग्रज राजदूताच्या खुनाचा सूड म्हणून, आणि त्यावर विलायतेतसुद्धा ओरड झाली होती. नाटकात आहे ते. मोतद्दार मोजतो, एक, दोन, तीन, आणि आकडा मध्येच सोडून घोड्याला खरारा करायला लागतो.

या प्रवेशाला मेडलं लावावीत की नाही यावर तालमीत तासभर वाद झाला. माझं म्हणणं मोहिमेवर छातीवर खुळखुळा घेऊन कोण फिरतो, डायरेक्टरचं म्हणणं लांबून जनरल कळला पाहिजे. शेवटी मधला मार्ग, दोन. पण डब्यातून निवडायला बसलो तर खरंच एक तारा सापडला, पाच टोकांचा, आकाशकंदिलाच्या पत्र्यातून कापलेला. मालक खूश, "हें घे, कंदाहार!" आता बघा, हा तारा म्हणजे नेमका या कुचेसाठी काढलेला, ब्राँझचा, कंदाहारला पकडलेल्या तोफा वितळवून केलेला, इंद्रधनुष्यी रिबनीचा. कूच चालू असताना तो छातीवर लावायचा म्हणजे आजोबाच्या बारशाला नातवाला आणण्यातला प्रकार. ज्या तोफांतून तो व्हायचाय त्या अजून समोर उभ्या राहून गोळे टाकतायत. हे मालकाला समजावलं तेव्हा पहिल्यांदा तो हसला आणि म्हणाला, हां, हें बरोबर. मग त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्या दिवसापासून माझं त्याच्याबद्दल मत जरा बदललं.

तिसरा ड्रेस, फील्ड मार्शलचा. इथे लाल कोट चालतो, हवाच. खांद्यावरच्या झुपक्यांना देवळातल्या अब्दागिरीची असते ना तसली झालर लावलीय, लांबून सोन्यासारखी चमकते. डोक्यावर पिसांची दुकोनी टोपी, पिसं कोंबड्याची असावीत, एक-दोन गळाली पण कुणाच्या लक्षात आलं नाही. पांढऱ्या मिशा मस्त, गोंद सोडून. गोंद इतका हलका की राणीला सलाम करताना अर्धी मिशी सुटली, नटाने तीच हाताने दाबून सलाम केला आणि टाळी घेतली. दुकानातून गोंद घेऊ नका, मेकअपमनकडचा वापरा.

आणि मेडलं? इथे आठ काय सोळा लावा. तोपर्यंत माणसाने काय नाही पाहिलं. अंबेला, हबसाण (आजचं इथिओपिया), लुशाई, पेवार कोतल, चारासिया, काबूल अशा मोहिमा, मग मद्रासच्या फौजेचा प्रमुख, मग १८८५ ते ९३ अख्ख्या हिंदुस्थानच्या फौजेचा, १८९२ ला लॉर्ड, १८९५ ला फील्ड मार्शल. म्हणून आम्ही डब्यातली बरी दिसणारी सगळी लावली. विंगेत जवळून बघितलं तेव्हा मला घेरी यायची बाकी होती. एक होतं शाळेच्या खेळाचं, त्यावर धावणारा मुलगा. एक कसल्याशा सहकारी सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाचं. आणि मधोमध, सगळ्यात भारदस्त, जड, चंदेरी, ते काय होतं सांगू? सहा एस्कुदोचं नाणं. १९५९ चं, पोर्तुगीजांच्या वेळचं, ज्याच्या मागे पिन डागून मेडल केलेलं! म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा फील्ड मार्शल पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारचं नाणं छातीवर मिरवत स्टेजवर. माझ्या आजीच्या ट्रंकेत अशी दोन आहेत, म्हणून लगेच ओळखलं. पण पडदा वर गेलेला, आता काय करणार.

वाटलं कुणाला कळणार नाही. पण पुढच्या रांगेत आमचे सुभेदारकाका बसलेले, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर, बेळगावला वीस-बावीस वर्षं काढलेली. नाटक संपल्यावर विंगेत आले, नटाच्या छातीकडे बोट करून म्हणाले, "हे सगळं उलटं लावलंय. मोठं मेडल पहिलं, छातीच्या मधल्या बाजूला, मग बाकीची तारखेप्रमाणे. तुमच्या साहेबाने खेळाचं मेडल व्हिक्टोरिया क्रॉसच्या आधी लावलंय." मग हसले आणि म्हणाले, बाकी बरं झालं नाटक. आणि मग बसून त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी मास्तरांनी नाटकात घातली नव्हती. हा बॉब्स मद्रासला आणि पुढे सेनापती असताना ठाम मताचा होता की दक्षिणेकडचे लोक आता लढवय्ये राहिलेले नाहीत, शीख, गुरखा, पठाण हेच खरे शिपाई, आणि त्या न लढवय्यांच्या यादीत त्याने मुंबईकडच्या मराठ्यांनाही बसवलं होतं. लिहून ठेवलंय त्याने आठवणींत, १८९७ ला दोन खंडांत छापल्या त्या. काका म्हणाले, "आणि मग त्याचाच तो क्रॉस १० जुलै १९४४ ला इटलीत कुणी मिळवला? आमच्या रेजिमेंटच्या यशवंत घाडगेंनी, माणगावकडचे. ते परत आले नाहीत. पुढच्या वर्षी, एप्रिलात, नामदेव जाधवांनी. दोघेही मराठा लाइट इन्फंट्री." एवढं बोलून त्यांनी नटाच्या कोटावरचं खेळाचं मेडल काढून माझ्या हातात दिलं. मास्तर गप्प. घरी जाऊन त्यांनी त्या रात्रीच एक प्रवेश वाढवला असं वहिनी सांगत होत्या, म्हणजे पुढच्या प्रयोगाला ड्रेपरीत अजून दोन खाकी लागणार.

शेवटचा प्रवेश ड्रेपरीशिवायच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही, पण सांगतो. १८९९ ला व्होनोलेल मेला, डब्लिनला, साहेब तेव्हा आयर्लंडचा सेनापती. तिथल्या एका जुन्या लष्करी इस्पितळाच्या बागेत पुरला त्याला, अजून दगड आहे. त्याच वर्षी डिसेंबरात साहेबाचा एकुलता जिवंत राहिलेला मुलगा दक्षिण आफ्रिकेत कोलेन्झोला तोफा वाचवायला धावला, गोळ्या लागल्या आणि दोन दिवसांनी गेला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, बाप आणि मुलगा दोघांना मिळालेला, अशा जोड्या आजवर तीनच. आणि बापाला त्याच दिवसांत हुकूम, त्याच लढाईवर सेनापती म्हणून जा. वय ६७. गेला, बोअर लोकांची (तिथले डच वंशाचे शेतकरी) राजधानी प्रिटोरिया घेतली, जाता जाता त्यांची शेतंघरं जाळण्याचा पायंडाही पाडला. मेला १९१४ च्या नोव्हेंबरात, ८२ वर्षांचा, फ्रान्समध्ये, कशासाठी गेला होता तर खंदकांवर आलेल्या हिंदी शिपायांना भेटायला, थंडी बाधली. आमच्या नाटकात यातलं काहीच दिसत नाही, मोतद्दार रिकाम्या स्टेजवर घोड्याचं लाकडी तोंड मांडीवर घेऊन बसतो आणि सांगतो. कपडे त्याचे घरचेच, धोतर आणि जुनी बंडी, भाडं शून्य.

आता हिशोब, कारण रिव्ह्यू आहे. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सगळं परत नेलं. मालकाने एकेक कपडा झटकून बघितला, टोपीच्या पिसांबद्दल काही बोलला नाही हा मोठेपणा. पण निळ्या कोटाचं एक बटन नाही म्हणून १०० कापले, ते आधीपासून नव्हतं, माझ्याकडे नेतानाचा फोटो आहे, दाखवला तर म्हणे फोटोत घडी पडलीय. नेताना प्रत्येक बटनाचा फोटो काढा, गंमत करत नाही. आणि मेडलं मोजली तर एक कमी. सहा एस्कुदोवालं. त्याचे २०० कापले. मी म्हटलं अहो सेटचं भाडंच दीडशे आणि एका मेडलाचे दोनशे कसे? तर म्हणाला, "बाकीचीं पत्र्याचीं, तें खरें." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी परत जाईन का? जाईन, त्याच आठवड्यात दोन खाकी बुक करून आलो. दर बरे, माणूस ऐकून घेणारा, पोस्तीन तर अख्ख्या गोव्यात दुसरीकडे मिळायचं नाही. आणि हे मुद्दाम लिहितो, यावेळी गेलो तेव्हा बिस्किटाचा डबा बदललेला. प्लास्टिकचे दोन डबे, एकावर मार्करने लिहिलंय "सायब, आदीं" आणि दुसऱ्यावर "सायब, मागीर". म्हणजे लढाईच्या आधीची आणि नंतरची. आधीच्या डब्यात काहीच नव्हतं, मी उघडून बघितला.

हरवलेल्या मेडलाचं मात्र सांगायचं राहिलं. परवा शिगम्याला घोडेमोडणी निघाली, आमचाच पांढरा केलेला घोडा, चुना अजून पुरता गेलेला नाही. ढोल सुरू झाले, घोडा उड्या घ्यायला लागला आणि त्याच्या गळ्याशी काहीतरी चमकलं. विंगेत गडबडीत कुणीतरी, बहुतेक मोतद्दार झालेल्या पोरानेच, साहेबाच्या कोटावरचं काढून घोड्याला लावलं होतं, चांगलं पक्कं टाका घालून. घोडा आता देवळाच्या माळ्यावर गेलाय, पुढच्या शिगम्यापर्यंत खाली यायचा नाही. दोनशे रुपये तर भरलेलेच आहेत.